तांदळातली अन्नपूर्णा

सासूला घराबाहेर कसं काढायचं, याचा बेत मी सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या आमच्या किचनमध्ये भेंडी चिरता चिरता केला. खोटं कशाला बोलू? सासरे गेल्यावर त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि बघता बघता वर्ष होत आलं. बाई वाईट नव्हती हो, तीच तर पंचाईत! भांडायला कारणच द्यायच्या नाहीत. माझ्या पोळीला कधी नाव ठेवलं नाही. फक्त मी वळले की ती हळूच उचलून पुन्हा भाजायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या वर्षी इंडियातून स्टुडंट्सची नुसती रीघ लागली होती. युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, सुरू व्हायची वेळ आली तरी खोली मिळेना म्हणून पोरी रडकुंडीला यायच्या. अशाच दोघींना मी सासूबाईंची खोली परस्पर कबूल करून टाकली. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"आईला सांगणार कोण?"

"आई तुझी आहे. तूच सांग."

मग त्यानेच तोड काढली. आम्ही दोघं, लेक आणि आई, चौघांनी इजिप्तला जायचं, नाईलवर क्रूझ करायची. आई खूश दिसली की बोटीवर सांगून टाकायचं, आणि कैरोहून तिला मुंबईच्या विमानात बसवून आपण सिडनीला यायचं. बोकडाला आधी हार घालतात, तसंच हे. मी लगेच हो म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी देव तांदळाच्या डब्यात ठेवले. घर बंद राहणार असलं की पूजेवाचून देव उपाशी राहू नयेत म्हणून तसं करतात. "दहा दिवसांनी आलो की काढू," म्हणाल्या. त्या आंघोळीला गेल्या आणि मी डब्यात हात घातला. आत त्यांचा बाळकृष्ण होता आणि दोन पितळी अन्नपूर्णा. एक त्यांच्या माहेरची, एक माझ्या. माझी मला आईने लग्नात दिली आणि पुढच्याच वर्षी आई गेली. पूजा सासूबाईच करायच्या, त्यामुळे मला दोन्ही सारख्याच दिसायच्या. बाळकृष्ण आणि हाताला लागली ती अन्नपूर्णा मी मूठभर तांदळासकट टॉवेलात गुंडाळली, त्यांच्या कपाटातल्या साड्यांबरोबर मोठ्या बॅगेत कोंबली, आणि "त्यात आमचे थंडीचे कपडे आहेत, उघडू नका हं," असं बजावलं.

लक्सरहून बोट निघाली. नवरा रोज सकाळी "आज सांगतो" म्हणायचा आणि संध्याकाळी आईला डेकवर चहा नेऊन द्यायचा. बाई तर अशी खुशीत, की माझाच जळफळाट! आठ वर्षांच्या लेकीचा हात धरून त्या प्रत्येक थडग्यात उतरल्या. गाइडने सांगितलं, मेलेल्या माणसाबरोबर पलंग, चपला, खाणंपिणं सगळं ठेवायचे. "पाठवणी करावी तर या लोकांनी," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी चष्मा पुसत बसले.

शेवटी आस्वानजवळच्या बेटावरचं देवीचं देऊळ. भिंतीवर देवी बाळाला पाजते आहे. मी फोटो काढून वळते तर काय, सासूबाईंनी चपला काढलेल्या, भिंतीशी खण ठेवलेला, वर मूठभर तांदूळ आणि बोटीवरच्या नाश्त्यातलं संत्रं! हजारो वर्षं जिला कोणी विचारलं नाही, तिची बाईने चक्क ओटी भरली. पहारेकरी ओरडत धावला. आमच्या बोटीवरचं ब्रिस्बेनचं जोडपं बघायला लागलं. त्यातल्या बाईने मला विचारलं, "तुमच्याबरोबरच्या ना?"

"नो, शी इज नॉट विथ अस," मी म्हटलं.

सासूबाईंना एवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी चपला घातल्या आणि त्या एकट्याच धक्क्याकडे चालू लागल्या. बोटीवर कच्चे तांदूळ आले कुठून, एवढंही मला सुचू नये! अक्कल गहाण पडली होती माझी.

कैरोच्या एअरपोर्टवर नवऱ्याला कंठ फुटला. "आई, तुझं तिकीट... मुंबईचं आहे गं."

"ठाऊक आहे रे. पहिल्याच दिवशी शाल शोधायला बॅग उघडली. देव कोणी सहलीला नेतं का?" मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, "हात घालताना नीट बघायचं होतंस गं. माझी अन्नपूर्णा राहिली डब्यातच. बॅगेत तुझ्या आईची आली."

मी हात पुढे केला. मूर्ती त्यांच्या पर्समध्ये होती. त्यांनी चेन ओढून घेतली.

"असू दे. तुझ्या आईला मी नेते. माझी तुझ्याकडे राहू दे. तिला तरी घराबाहेर काढू नकोस."

लेक विचारत राहिली, "व्हाय इज आजी गोइंग दॅट वे?" सासूबाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्या दिसेनाशा झाल्या तरी माझा हात तसाच पुढे होता.

चार वर्षांनी त्या पुण्यात वारल्या. नवरा जाऊन आला. आईच्या कपाटात अन्नपूर्णा कुठेच नव्हती, म्हणाला. कोणाला देऊन टाकली, हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. स्टुडंट पोरी कधीच्याच गेल्या, ती खोली रिकामीच आहे. डब्यात राहिलेल्या अन्नपूर्णेची मी आता रोज पूजा करते. आंघोळ घालताना बोटाला लागतं, हिच्या हातातल्या पळीला डावीकडे पोचा आहे. माझ्या आईच्या अन्नपूर्णेला होता की नव्हता, मला आठवत नाही.