अकराव्या पानावरची सीना

“माझी बारावीच लई कामाची हाय, पुढं शिकले तर ह्या पोरांचं लिहायचं कुणी?”

विजयमालाताई हे प्रदीप सरांना म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या मुलीनं, संस्कृतीनं, त्यांच्या नावानं बी. ए.चा अर्ज भरून आणला होता. फक्त सही राहिली होती. ती राहिलीच. संस्कृती चार दिवस आईशी धड बोलली नाही.

वरवर हा हट्ट वाटतो, पण कारण साधं होतं. अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहिणारा लेखनिक त्या विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला असावा लागतो. बी. ए.च्या मुलाला पदवीधर लेखनिक चालत नाही. विद्यापीठाच्या विस्तार विभागाशी जोडलेल्या आमच्या ‘सोबत’ मंडळात कॉलेजची मुलं हे काम करायला येतात, वर्ष-दोन वर्षं लिहितात, मग स्वतःच पास होऊन नियमाबाहेर जातात. विजयमालाताई नऊ वर्षं नियमाच्या आत राहिल्या. ज्या पायरीवरून वर जायला सगळे धडपडतात, त्या पायरीवर ही बाई जाणूनबुजून उभी होती.

माहेर मंद्रूपचं. लग्नानंतर सोलापूर. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या काजं-बटणांचं काम करतात. एका वर्षी मंडळानं त्यांच्या वस्तीत डोळेतपासणी ठेवली होती. गर्दी झाली, नावं लिहिणारा मुलगा गोंधळला, तेव्हा रांगेतल्या विजयमालाताईंनी त्याच्या हातातली वही घेतली आणि दीडशे नावं लिहून काढली. मंडळाचे सचिव प्रदीप सर ते अक्षर बघत राहिले. दोन दिवसांवर एका अंध मुलीचा पेपर होता आणि तिची लेखनिक तापानं आडवी झाली होती. सरांनी शिक्षण विचारलं. बारावी, असं उत्तर आलं, जरा मान खाली घालून. सरांना इतका आनंद झालेला बघून त्यांना ही थट्टा आहे की काय, असं वाटलं होतं.

त्या पहिल्याच पेपरात त्यांच्या हातून चूक झाली. ती मुलगी म्हणजे बुद्धप्रिया. एका उत्तरात ती एक सन चुकीचा सांगत होती. विजयमालाताईंना तो सन संस्कृतीच्या शाळेच्या पुस्तकामुळे पाठ होता. त्यांनी बरोबर आकडा लिहिला. मनात म्हणाल्या असतील, पोरीचं भलं होतंय तर होऊ दे. शेवटच्या अर्ध्या तासात बुद्धप्रियानं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. त्या आकड्यापाशी तिनं हात वर केला.

“हे मी सांगितलं नव्हतं, मावशी. खोडा.”

“अगं, बरोबर हाय ते.”

“असू दे की. माझं न्हाय.”

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. तिच्यासाठी वाट्टेल ते करायला निघालेल्या माणसांचा तिला आयुष्यभर पुरेल इतका अनुभव होता. रस्ता ओलांडायचा नसताना तिला कुणी कुणी ओलांडून दिलं होतं. तिच्या ताटातली भाकरी तिला न विचारता कुस्करली गेली होती. विजयमालाताईंनी तो आकडा खोडला, वर चुकीचा लिहिला, आणि घरी येऊन रडल्या. मदत करणं आणि एखाद्याच्या जागी स्वतः बसणं यात केवढं अंतर आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढं त्या ते कधी विसरल्या नाहीत.

नऊ वर्षांत शंभरावर पेपर झाले. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी. तीच पुस्तकं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकताना कुठलं उत्तर कुठं चुकतं, कुठं सगळे अडखळतात, हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त कळू लागलं. मूल अडलं की पेन कागदावर टेकवून त्या खाली बघत. खाकरत नसत. खुर्ची हलवत नसत. मुलाला दिसत नसलं तरी चेहरासुद्धा हलू देत नसत. मनात बरोबर उत्तर असताना हात शांत ठेवायचा, हे काम बाहेरून काहीच न केल्यासारखं दिसतं.

कारखान्यात शेजारच्या मशिनवर पार्वतम्मा असते. पेपरच्या दिवशी खाडा पडतो, म्हणून ती दरवेळी डिवचायची. “आज कुठला पेपर गं विजा? एवढे लिहिलीस, आतापर्यंत कलेक्टर झाली असतीस की. आणि हितं आपण बटणं लावतोय.” विजयमालाताई म्हणायच्या, कलेक्टरच्या शर्टालाही बटण लागतंच. मग दोघी हसायच्या, आणि राहिलेल्या शर्टांची चळत पार्वतम्मा मुकाट्यानं आपल्याकडं ओढून घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात संघपालचा निकाल अडला.

संघपाल मोहोळचा. वडील तिथल्या आडत बाजारात हमाली करतात. मुलगा जन्मापासून अंध, बोलायला अगदी हळू, पण बोलू लागला की न थांबणारा. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचे त्याचे सगळे पेपर विजयमालाताईंनी लिहिले. प्रादेशिक इतिहासाच्या पेपरात त्याला ऐंशीपैकी एकाहत्तर गुण पडले आणि तिथंच शंका आली. त्या खोलीवर ज्या प्राध्यापकांची देखरेख होती, त्यांनी लेखी तक्रार केली : लेखनिक बाईंचं पेन एकदाही थांबलं नाही, मुलाचा आवाज तर ऐकूच येत नव्हता, उत्तरं बाईंचीच असावीत. निकाल राखून ठेवला गेला. बी. एड.च्या प्रवेशाला आठ दिवस उरले होते. वर्ष गेलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्याच्या डोक्यानं पास होणारा, हे नाव त्याच्या अंगाला चिकटलं असतं. अशा मुलांना ते नाव धुऊन काढायला दुसरी संधी कुणी देत नाही.

प्राध्यापकांच्या मनात वैर नव्हतं, हे सांगायला हवं. दाराजवळ बसून त्यांना जे दिसलं, ते त्यांनी लिहिलं. संघपाल अर्धं वाक्य बोलला की उरलेलं कुठं जाणार, हे विजयमालाताईंना सवयीनं कळायचं, पण ते त्याच्या तोंडून येईपर्यंत त्या आधीचे शब्द लिहीत असत. पेन थांबत नसे ते त्यामुळं. हे दाराजवळून कसं दिसावं?

चौकशी दुपारी तीनला ठेवली होती. टेबलापलीकडं तिघं : अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राचार्या, परीक्षा विभागातले एक अधिकारी आणि तक्रार करणारे प्राध्यापक. अलीकडं संघपाल, प्रदीप सर आणि विजयमालाताई. खिडकीला ओला पडदा लावला होता, तरी खोली भाजत होती. उत्तरपत्रिका टेबलावर मधोमध होती; अक्षर आपलंच ना, हे बघायला ती आधी विजयमालाताईंना चाळू दिली होती.

अध्यक्षबाईंनी आधी शिक्षण विचारलं. बारावी. मग त्यांनी प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न वाचला आणि याचं उत्तर तुम्हाला येतं का, असं सहज विचारलं. प्रदीप सरांनी चटकन ताईंकडं पाहिलं. नाही म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटण्यासारखं होतं. बारावी झालेली, बटणं लावणारी बाई, तिला काय येणार, असं मानायला समोरची माणसं तयारच होती.

“येतंय की,” विजयमालाताई म्हणाल्या.

मग दुसरा प्रश्न. तोही येत होता. तिसरा, चौथा. प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. त्यांनी सौम्य आवाजात विचारलं की एवढं येत असताना, समोरचं मूल चुकत असताना, सांगावंसं एकदाही वाटलं नाही, यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा.

“वाटलं की. ह्याच पेपरात वाटलं.”

“कुठे?”

विजयमालाताई गप्प झाल्या. कपाळावरचा घाम पदरानं टिपला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. प्रदीप सरांनी हळूच, ताई बोला, म्हणून पाहिलं. त्या बोलेनात. बघणाऱ्याला ती कबुलीच वाटली असती, आणि अधिकाऱ्यांनी तसं काही लिहायला सुरुवातही केली.

त्या अडल्या होत्या त्याचं कारण त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. संघपालची ती चूक तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटली होती आणि त्या उत्तराला पूर्ण गुण पडले होते. त्यांनी बोट ठेवलं असतं, तर गुण गेले असते. आणि मुळात दुसऱ्याच्या उत्तरावर बोट ठेवायचा लेखनिकाला काय अधिकार? बुद्धप्रियानं शिकवलं होतं ते याच्या उलट होतं. शेवटी त्या समितीकडं न बघता संघपालकडं वळल्या.

“पोरा, तुझं एक चुकलंय. हितं सांगू का? मार्क जातील.”

संघपालनं मान त्यांच्या दिशेला केली. गुडघ्यांमध्ये उभी धरलेली पांढरी काठी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट पकडली होती.

“सांगा, मावशी. माझं हाय ते माझंच ऱ्हाऊ दे.”

“पान अकरा,” त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. “वरनं तिसरी ओळ.”

अध्यक्षबाईंनी पान काढलं, चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचलं. सीना नदी बेगमपूरजवळ भीमेला मिळते.

बेगमपूर मोहोळ तालुक्यातलं. तिथं भीमा आहे. संघपाल लहानपणी मामाबरोबर तिथं गेला होता, पाण्यात पाय सोडून बसला होता, आणि आपल्या भागातल्या दोन्ही नद्या तिथंच भेटत असणार, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. मोहोळच्या मुलानं करावी अशीच ती चूक होती.

“मग कुठे मिळते?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“कुडलला. हत्तरसंग कुडल.”

“तुम्हाला नक्की माहीत आहे?”

विजयमालाताईंनी सांगितलं की मंद्रूप त्यांचं माहेर, आणि कुडलचा संगम तिथून जवळच. लग्नाआधी दरवर्षी आईबरोबर त्या तिथं जायच्या. दोन्हीकडचं पाणी रंगानं वेगळं असायचं, आणि भाऊ सीनेच्या अंगानं पोहायला उतरला की आई काठावरून ओरडायची. आईचा ओरडा कानात असताना, पेन हातात असताना, त्यांनी सीना उचलून बेगमपूरला नेली होती. सुंदर, सरळ अक्षरात. कुठं खाडाखोड नव्हती.

“एवढं ठावं होतं तर नुसतं खाकरायचं तरी, मावशी,” संघपाल म्हणाला. आणि स्वतःच हसू लागला. अधिकारी हसले. प्रदीप सर हसले नाहीत, त्यांना चष्मा पुसायचा होता.

अध्यक्षबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी पानं मागंपुढं चाळली, आणखी दोन ठिकाणी थांबल्या, स्वतःशीच मान हलवली. आता कुठं काय शोधायचं, हे त्यांना कळलं होतं. संपूर्ण उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तरं होती, आणि मधूनमधून चुकाही होत्या, सगळ्या एका मोहोळच्या मुलाच्या. हे या बाईच्या डोक्यातून आलेलं असणं शक्य नाही, हिला हे सगळं बरोबर येतं, असं त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. दोन गुण कमी होतील, निकाल आजच सोडा. अधिकाऱ्यांनी आधी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला.

संघपालनं किती झाले, म्हणून विचारलं. एकोणसत्तर. त्यानं तो आकडा एकदा पुटपुटला आणि ताठ बसला. एकाहत्तर पडले तेव्हाही तो असा बसला नसेल. त्या एकोणसत्तरमधला एकही गुण आता कुणाच्या दयेचा उरला नव्हता, आणि हे सरकारी कागदावर लिहिलं जात होतं.

कागदावर विजयमालाताईंची सही झाली. प्राध्यापक उठून टेबलाच्या अलीकडं आले. चांगला माणूस असावा. चेहरा उतरला होता. “ताई, मी त्या दिवशी दारापाशी होतो, आणि मला...” एवढं बोलून ते थांबले.

विजयमालाताईंनी खाली बघितलं. पुढचा शब्द येईल म्हणून त्या थांबल्या, अजिबात घाई न करता, अडलेल्या मुलासमोर थांबतात तशा. तो आला नाही. प्राध्यापकांच्या वतीनं ते वाक्य विजयमालाताईंनी मनातही पुरं केलं नसावं. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी खांद्याला लावली, आणि त्या खोलीबाहेर चालू लागल्या.