शेवटचा पट्टा

गवत कापायच्या यंत्रावर अक्काचा हात बावीस वर्षांचा. बापाने शिकवलेली रीत एकच: कुंपणापासून सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत मधे यायचं. दिसायला झकास, डिझेल कमी, मुकादम खूश.

गेल्या वर्षी मधला शेवटचा पट्टा कापताना पात्यात काहीतरी अडकलं. अक्का खाली उतरली. तणमोर पक्ष्याची मादी, आणि तिच्या पोटाखाली दबून बसलेली दोन पिल्लं, तिन्ही कापली गेलेली. बघे म्हणाले, "नशीब त्यांचं!"

नशीब कसलं डोंबलाचं! पिल्लांना उडता येत नाही. ती उभ्या गवतात सरकत राहतात, नाहीतर जमिनीला चिकटून बसतात. आणि उभं गवत उरतं कुठे? मधे. म्हणजे फेरीगणिक अक्कानेच त्यांना तिथे हाकत नेलं होतं. हे तिला कुठल्या चष्मेवाल्या तज्ज्ञाने सांगितलं नाही. तिचं तिलाच उमगलं, आणि आठ दिवस घास गोड लागला नाही.

यंदा कापणीच्या सकाळी दीर धापा टाकत आला. "वहिनी, कुरणात मादी आहे. मागे तीन पिल्लं."

अक्काने पातं वर उचललं आणि यंत्र उभ्या गवतातून हळूहळू थेट मधोमध नेलं. दीर पुढे गवत चाळत चालला होता.

मुकादम बांधावरून ओरडला, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? गवत तुडवतेस!"

"एक चाकोरी तुडवली. आता मधून बाहेर कापत येणार."

"तुझ्या बापाने कापलं होतं असं कधी?"

"बाप चुकला, मीही चुकले. बावीस वर्षं पुरे झाली."

"दिवस मावळायच्या आत कुरण झालं नाही, तर उद्या किल्ली दुसऱ्याच्या हातात!"

"उद्याचं उद्या. आज माझ्या हातात आहे. आणि ओरडू नका, पाखरं बिथरतात."

दुपार टळली, तरी पाखराचं पीसही दिसलं नाही. मुकादम घड्याळ बघून बघून थकला. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा दिराने हात वर केला. कुंपणाजवळच्या गवतातून एक लांब मान वर आली. मादी तारेखालून पलीकडच्या पडीक माळावर गेली. मागून एक पिल्लू. मग दुसरं.

तिसरं नाही.

अक्काने इंजिन बंद केलं.

"दिवस चाललाय!" मुकादम दातओठ खात म्हणाला.

"चालू दे."

बऱ्याच वेळाने गवत हललं. तिसरं ढेंगाळं बेणं धडपडत तारेखालून पसार झालं. अक्काने किल्ली फिरवली.

काम संपलं तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकायचा होता. कुंपणालगत हातभर गवत मात्र उभंच होतं.

"हे राहिलं की!" मुकादमाने किल्लीसाठी हात पुढे केला.

"राहू दे. वाट आहे त्यांची."

मुकादमाने आधी सूर्याकडे पाहिलं, मग कुरणाकडे. पुढे केलेला हात खिशात गेला. "उद्या ओढ्याकाठचं कुरण. तिथेही यंत्र मधूनच घालणार?"

"मग काय, तुमच्या टोपीवरून?"