मिरच्यांच्या पंगतीतला झॉर्की

वनजाक्कांच्या कॅमेऱ्याला भोक मी पाडलं. आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात ते इस्त्रीवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं? हत्यार वगैरे काही वापरलं नाही. फक्त ऊन वापरलं.

वनजाक्का माझ्या घरमालकीण. त्या खाली राहतात, मी वर. पावसाळा सरत आला होता, बऱ्याच दिवसांनी लख्ख ऊन पडलं होतं, आणि रविवारी सकाळी अक्का नंजनगूडला निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "वासुदेव, गच्चीवर मिरच्या घातल्यात. बाजूला ताटात भिंगं ठेवलीत. पावसानं बुरशी धरलीय त्यांना, जरा ऊन खाऊ देत. कावळा आला तर हाकल. दुसरं काही करू नको."

"दुसरं काही करू नको" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगात परोपकार संचारतो. गच्चीवर गेलो. एकीकडे लालभडक मिरच्या, दुसरीकडे स्टीलच्या ताटात कॅमेऱ्यांपासून सोडवलेली भिंगं ओळीनं, जेवायला बसल्यासारखी. मला वाईट वाटलं ते झॉर्कीचं, म्हणजे अक्कांच्या सगळ्यात जुन्या रशियन कॅमेऱ्याचं. ही सगळी बाळं उन्हात मजा करतायत आणि घरातला थोरला खाली कपाटात एकटा! खाली गेलो, झॉर्की आणला, भिंगावरची टोपी काढली आणि मिरच्यांच्या पंगतीत त्याला आकाशाकडे तोंड करून निजवला. वर त्याला "आराम कर" असंही म्हणालो.

थोड्या वेळानं वास आला. कुणीतरी जुनी छत्री जाळत असावं तसा. मी शेजारच्या गच्चीकडे रागानं बघितलं आणि कावळा हाकलला.

भिंगानं कागद जाळायचा खेळ लहानपणी आपण सगळेच खेळलोय. त्या खेळात कागद आपण मुद्दाम ठेवतो. झॉर्कीत तो कारखान्यातूनच ठेवून येतो. भिंगाच्या मागे आणि फिल्मच्या पुढे काळ्या रबरी कापडाचा एक पडदा असतो. बटण दाबलं की तो सर्रकन सरकतो, फिल्मवर क्षणभर उजेड पडतो, झाला फोटो. हे मला त्या संध्याकाळी समजलं. सकाळी समजलं असतं तर हा लेख तुम्हाला वाचावा लागला नसता.

अक्का परतल्या तेव्हा मी जिन्यातच त्यांना शुभवार्ता दिली. "अक्का, झॉर्कीलाही ऊन दाखवलं हं!"

अक्का थांबल्या. "भिंग काढून?"

"छे, भिंगासकट. बुरशी भिंगालाच येते ना?"

"अय्यो देवा!"

पिशवी जिन्यात टाकून त्या आत गेल्या. झॉर्कीचं भिंग सोडवलं, मागचं झाकण काढलं आणि ट्यूबलाइटकडे धरून बघितलं. काळ्याकुट्ट पडद्यात मोहरीएवढी एक चांदणी चमकत होती.

"छान दिसतेय," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"वासुदेवराव," अक्का म्हणाल्या. त्यांनी 'राव' लावला की माणसानं चपला शोधायला लागावं. "ह्या भोकातून आता उजेड आत शिरणार. प्रत्येक फोटोत चंद्र उगवणार. भर दुपारी. तुमच्या नावाचा."

आता अक्का कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका म्हाताऱ्या रशियन डब्यासाठी एवढा आकांत कशाला, असं वाटेल.

अक्का इथल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, दळण राहून गेल्यासारखं. पहिल्या पगारात त्यांनी शिवरामपेठेतल्या एका स्टुडिओवाल्याकडून हा झॉर्की जुना घेतला. तो म्हणाला होता, "बाई, ह्याला सगळं हातानं करायला लागतं. बायकांना फोकस जमत नाही." अक्कांनी पहिला फोटो त्याचाच काढला. तो हलला. "तो हलला, मी नाही," असं त्या अजूनही सांगतात.

पुढे एकाचे अनेक झाले. भाता असलेला जर्मन, पोटाशी धरून वरून डोकवायचा दोन भिंगांचा जपानी, आणखी कोण कोण. सगळे हातानं चालणारे. त्यांच्या कपाटात दमट हवा शिरू नये म्हणून झीरोचा दिवा रात्रंदिवस जळतो. देवघरातला दिवा एखादे वेळी विझतो, हा नाही. भिंगं कुकरच्या डब्यांत राहतात, आणि डब्यांत टाकायला चपलांच्या खोक्यांमधल्या त्या छोट्या पुड्या लागतात. आमच्या गल्लीत कुणी नवी चप्पल घेतली की आधी पुडी अक्कांकडे पोचते, मग चप्पल पायात जाते.

आणि हे सगळे कॅमेरे राबतात. अक्का झॉर्की गळ्यात अडकवून निघतात आणि माणसांचे फोटो काढतात, पण हातात त्यांचं आयुध असेल तरच. कात्री धरलेला न्हावी, शिट्टी तोंडात घातलेला कंडक्टर, सुईदोऱ्यासकट फुलवाली. न्हाणीघरात अंधार करून फिल्म स्वतः धुतात आणि आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी ज्याचा त्याला फोटो नेऊन देतात. मी मागे एकदा म्हणालो होतो, "अक्का, माझाही काढा की."

"तुझं आयुध काय?"

"कॉम्प्युटर. कडकोळच्या कारखान्यात हिशेब बघतो ना मी."

"कॉम्प्युटर कारखान्याचा, हिशेब कारखान्याचा. तुझं काय?"

मी विषय बदलून सांबाराकडे वळलो होतो.

हे आयुधाचं खूळ घराण्यातलं. अक्कांचे आजोबा शंभूराव म्हैसूरच्या जुन्या फौजेत घोडेस्वार होते. घोडा सरकारचा, तलवार घरची. एका खंडेनवमीला ती तलवार म्यानातून निघेना. गंजली होती. घरातले म्हणाले, म्यानासकट पूजा करू, कोण बघतंय? आजोबा म्हणाले, "न निघणारी तलवार म्हणजे काठी. काठीच पुजायची तर परसातली पुजा." आणि त्यांनी ती लोहाराकडे नेऊन तिची विळी करून आणली. विळी चालते म्हणून विळीला कुंकू! ती विळी अजून अक्कांच्या स्वयंपाकघरात आहे. मी तिच्यावर घेवडा चिरलाय. चवीत फरक पडत नाही, पण चिरणारा जरा ताठ बसतो.

तेव्हापासून घरचा कायदा असा: जे चालतं ते पूजेला बसतं, आणि जे पूजेला बसत नाही ते घरात राहत नाही. दर दसऱ्याआधी अक्का कपाटापुढे बसून एकेका कॅमेऱ्याचं बटण दाबून बघतात. जो नापास होतो आणि सुधारत नाही, तो गावातल्याच विजयनगर भागात जातो. तिथे त्यांच्या भावाच्या मुलाचं, गुरुराजचं, कॉफीचं दुकान आहे. दुकानाच्या भिंतीवर अक्कांचे निकामी कॅमेरे टांगलेत आणि खाली पोरंपोरी मोबाइलवर त्यांचे फोटो काढतात.

झॉर्की नापास झाल्याची बातमी गुरुराजला कुणी दिली ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तो हजर.

"आत्ते, झॉर्कीला सेंटरला जागा ठेवलीय. खिळा मारून आयतु, झालं काम! वर लाइट पण सोडतो. चेन्नागी, झकास दिसेल बघ."

"माणूस जिवंत असताना फोटोला हार घेऊन आलास काय रे?"

"मी काय केलो आत्ते? रूल तुझाच की."

  अक्का पदरानं झॉर्की पुसत बसल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"अक्का," मी चाचरत म्हणालो, "एवढ्या एकापुरता कायदा थोडा..."

"आजोबांनी तलवार मोडली. मी कोण?"

"मग दुरुस्त करून आणतो ना!"

"कुठून? दुरुस्त करणारे होते ते आता मोबाइलची कव्हरं विकतात. मीच केलं असतं." त्यांनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "बघितलास? गेल्या वर्षापासून असं. फोटो काढताना श्वास धरते, तेवढ्यापुरती थांबतात. बारीक कामाला तेवढा श्वास पुरत नाही."

 मग गुरुराजच डोकं खाजवत म्हणाला, "आत्ते, पडदा रबराचा म्हणतेस ना? सायकलच्या ट्यूबला लावतात ते सोल्युशन लावलं तर?"

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. "भुताच्या तोंडी भागवत! आणि तुझा खिळा?"

"असू दे की," गुरुराज म्हणाला आणि उगाच लाजला.

"आयतु. पण लावायचं कुणी? भोक कुणी पाडलं?"

"मी," मी म्हणालो.

"मग?"

पंक्चरवाल्याकडून मी सोल्युशनची ट्यूब आणली, आणि त्यानं आपुलकीनं दिलेला रबराचा तुकडाही आणला. अक्का सारख्या "पातळ, पातळ" म्हणत होत्या. पण पुण्यकर्मात मला हात आखडता घेणं जमत नाही. त्या स्वयंपाकघरात कॉफी गाळायला गेल्या तेवढ्यात मी तुकडा कापून पडद्यावर दणदणीत ठिगळ मारलं. चांदणी गेली! अभिमानानं बटण दाबलं. पडदा निघाला, अर्ध्या वाटेवर आला आणि हौशी नाटकाच्या पडद्यासारखा अडकून राहिला. त्याला गुंडाळून बसायला जेवढी जागा होती त्यापेक्षा माझं ठिगळ जाड होतं.

"पातळ म्हणून सांगितले की नाही?" अक्कांच्या हातातली कॉफी हिंदकळली. "लुगड्याला गिलावा करतात काय रे? काढ ते!"

ते हलक्या बोटानं चोळून काढण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. मग अक्कांनी देवघरातल्या दिव्यावर ताटली धरून काजळी जमवली, ती सोल्युशनच्या थेंबात कालवली, आणि कपाटातून एक ब्रश काढला. हायस्कुलातल्या नकाशांमध्ये नद्या रंगवायचा ब्रश. केस मोजकेच उरलेले, माझ्यासारखे.

"कावेरीच्या उगमाशी जेवढी जाड रेघ लागते तेवढंच घे. श्वास धर."

"धरलाय."

"मग बोलतोस कशाला?"

एक थर दिला. वाळू दिला. उलट्या बाजूनं दुसरा दिला. अक्का माझ्या खांद्याशी उभ्या होत्या आणि माझ्याबरोबर त्यांनीही श्वास धरला होता. हात माझा होता, पण थांबवून धरलेला त्यांनी, असं मला वाटलं. झॉर्कीला मग झीरोच्या दिव्याशेजारी ठेवलं.

आयुधपूजेच्या सकाळी पाटावर मांडणी झाली. मधोमध विळी, तिच्या एका बाजूला कात्र्या आणि स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला कॅमेरे. विळीच्या लगेच शेजारी एक जागा रिकामी. गुरुराज रेशमी शर्ट घालून, भांग पाडून, दृष्ट काढून फोडायचा कोहळा कडेवर घेऊन आला होता. बाहेर त्याची स्कूटर झेंडूची माळ घालून उभी.

झॉर्कीचा पडदा खिडकीकडे धरला. चांदणी नाही. बटण दाबलं. सर्रकन! गुरुराजनं टाळी वाजवली.

"साकु, टाळ्या पुरे," अक्का म्हणाल्या. "डोळ्याला नाही दिसलं तरी फिल्मला दिसतं. फिल्म सांगेल ते खरं."

त्यांनी हातभर फिल्म भरली आणि अंगणात आल्या. गुरुराज लगेच तुळशीपाशी जाऊन, कोहळा छातीशी धरून, हसू तयार ठेवून उभा राहिला. अक्कांनी झॉर्की डोळ्याला लावला, खाली घेतला.

"तू सर रे. वासुदेव, तू उभा राहा. आणि तो ब्रश हातात धर."

 मी ब्रश भाल्यासारखा धरला. अक्कांनी श्वास रोखला, बोटं थांबली. सर्रकन.

मग त्या झॉर्की गळ्यात अडकवून, भिंग उघडं ठेवून अंगणातल्या उन्हात फेऱ्या मारत राहिल्या. तोंड मात्र सूर्याकडे एकदाही वळू दिलं नाही. चंद्राला उगवायचंच असेल तर पुरती संधी दिली आणि न्हाणीघरात शिरून दार लावलं. आम्ही दोघं बाहेर. गुरुराज कोहळा खाली ठेवायचं विसरला होता.

दार उघडलं. अक्का ओली फिल्म चिमट्यात धरून खिडकीशी गेल्या. निगेटिव्हमध्ये माझं तोंड काळं आणि केस पांढरे होते, म्हणजे अपराध आणि भविष्य दोन्ही एकदम. पण चंद्र? अक्कांनी चष्मा वर केला, खाली केला, फिल्म फिरवून बघितली. चंद्र कुठेच नव्हता.

त्यांनी झॉर्की उचलला, भिंगाला लागणार नाही असं बेतानं कुंकवाचं बोट टेकवलं आणि त्याला विळीशेजारी बसवला. झेंडूचं फूल वाहताना बोटं थरथरत होती. त्यांनी लपवली नाहीत.

"आत्ते, त्या खिळ्याचं काय करू?" गुरुराजनं विचारलं.

"कॅलेंडर लाव."

कोहळा फुटला, आरती झाली. मी अजून ब्रश घट्ट धरून होतो. प्रसादाचं पान हातात पडलं तेव्हा मला राहवेना.

"अक्का," मी म्हणालो, "गुरुराज एवढा नटून आला होता. तरी पहिला फोटो तुम्ही माझा काढलात, तोसुद्धा ब्रश हातात देऊन. म्हणजे मलाही आता आयुध मिळालं आणि तुम्ही मला माफ केलंत, असंच ना?"

अक्का पाटावरची फुलं सारखी करत म्हणाल्या, "वाया गेला तर जाऊ दे, म्हणून तुझा काढला."