टेलिफोन मोकळा ठेवणारा प्रोग्राम

गिरणीतून उकडलेल्या धानाचा वास आला की मला आमच्या तांदूळ दलालीच्या दुकानातली ती सकाळ आठवते. दुकानात टेलिफोन एकच होता. इंटरनेट लावलं की तो अडकायचा आणि माझा थोरला भाऊ खवळायचा, "तुझ्या डब्ब्यापायी गिऱ्हाईक चाललं." म्हणून मी पुस्तकात बघून एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाजारभावाचं पान उतरवून घ्यायचं आणि लगेच लाइन सोडायची, एवढंच त्याचं काम.

त्या सकाळी मोडेम किंचाळून गप्प झाला आणि पडद्यावर त्या पानाच्या कोडची, नुसत्या कंसांची आणि इंग्रजी अक्षरांची गिचमिड उमटली. दादा म्हणाला, "हे काय मुंग्या चालून रायल्या?"

"थांब ना, काऊन घाई करतं?" मी चिडलो. त्या गिचमिडीत नागपूरचा भाव शोधून त्यावर बोट ठेवलं, तेवढ्यात टेलिफोन वाजला. नागपूरचा व्यापारी बाजार पडल्याचं सांगत होता. मी पडद्यावरचा भाव ऐकवला. तो त्याच भावाला कबूल झाला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर दादा सांगत होता, "आपला अंदाज कधी चुकत नाही." प्रोग्रामचं नावही त्यानं काढलं नाही. मी कप आपटून निघून आलो.

आता भाव मोबाइलवर आपोआप येतात, पण दादाला ते बारीक अक्षर दिसत नाही. रोज सकाळी तो विचारतो, "काय भाव हाय रे?" मला ऐकू आलेलं असतं. तरी त्यानं दुसऱ्यांदा विचारेपर्यंत मी सांगत नाही.