न लागलेली तहान

भैरवगढची नवी छापील चादर उलगडली की तिच्या रंगाच्या वासाबरोबर मला माधव नगरच्या आमच्या जुन्या घरातली अंधारी खोली आठवते. तेव्हा गावातल्या देवास गेटवर विदेशी कोल्ड्रिंकच्या पाट्या नुकत्याच लागल्या होत्या, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींत डोळ्यांना न दिसणारे शब्द लपवून लोकांना तहान लावतात, अशी चर्चा गावभर होती. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे बाबा ते तपासत होते. खिडकीवर असलीच चादर टांगून अंधार करत, मग ते भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर ‘पाणी’ हा शब्द कळणारही नाही इतका झटकन चमकवत आणि समोरच्याला विचारत, तहान लागली का? कुणालाच लागत नव्हती. काही सापडलं नाही म्हणून त्यांचा लेख एका संशोधन-नियतकालिकाकडून एकदा परतही आला होता. त्या दुपारी आई समोर बसली आणि लगेच म्हणाली, “लागली. एकदम जोरात लागली.” बाबांनी दिवा लावला. “खरं सांग.” आई चादरीकडे बघत राहिली. “नाही लागली. पण अहो, काही निघालंच नाही तर तुमचं छापणार कोण?” बाबा हसले, त्यांनी ‘नाही’ असंच लिहून घेतलं, आणि उठून माठातल्या पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. लेख शेवटपर्यंत कुठे छापून आला नाही, त्यामुळे लपवलेल्या शब्दांनी तहान लागते असं लोक मला अजूनही सांगतात. मी ऐकून घेते, आणि तहान नसताना तो अख्खा पेला सावकाश संपवणारी आई मला दिसत राहते.