एकशे ऐंशी फुटांची दुरुस्ती

लिहून देणार: दिगंबर सोपान, वय बावन्न, शिक्षण आठवी, अर्जलेखक, मुक्काम लोहा. ठिकाण: देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीलगतची माळवस्ती. काळ: वैशाखातील सोमवार ते बुधवार. साक्षीदार: शेख मॅडम, भूजल अभियंता, लातूर; मारोती, दाबयंत्र चालक; पारूबाई, वस्तीच्या रहिवासी. विषय: वस्तीची एकमेव बोअर ‘मृत’ ठरवून गुरुवारी बुजविण्याचा हुकूम, व त्याविरुद्ध मी जातीने केलेला प्रवास.

सोमवारी सकाळी लोह्याहून एसटीने निघालो. टपालावर विसंबण्याइतका वेळ नव्हता. पाण्याचा दाब देऊन खडकातील भेगा उघडण्याचा प्रयोग या बोअरवर एकदा फसला होता. भेग नेमकी कोठे आहे हे आवाजावरून मोजणारे यंत्र लातूरला असल्याचे कळले होते. शेख मॅडमनी माझा चार पानी अर्ज उभ्यानेच वाचला आणि उद्या सातला या, एवढेच म्हणाल्या.

मंगळवारी जीप निघाली. मागे मारोतीची दाबयंत्राची गाडी. उदगीरच्या अलीकडे चाक पंक्चर झाले, तेवढ्यात टपरीवर सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) खाऊन घेतली. पुढे काळी जमीन विरळ होत गेली आणि देगलूरनंतर गुलाबी-राखाडी खडक जमिनीतून वर आले.

वस्तीत पोहोचताच मॅडमनी सांगितले, की रिकाम्या बोअरमध्ये यंत्राचा आवाज खडकापर्यंत पोहोचत नाही. आधी ती पाण्याने भरावी लागेल. बायका आपापल्या पिंपांकडे पाहू लागल्या. टँकर सकाळीच येऊन गेला होता, पुन्हा शुक्रवारी येणार होता; मारोतीच्या गाडीतील टाकीचे पाणी दाबासाठीच लागणार होते. पारूबाईंनी आपले पिंप पुढे लोटले.

“म्या तर ओतते. बोअरच बुजली तर हे पाणी किती दिस पुरतंय?”

एकूण सहा पिंपे ओतली गेली.

लांब नळीसारखे यंत्र केबलने खाली सोडले. ते खडकात आवाज सोडते व तो किती वेळात पोहोचला ते नोंदते. अखंड खडकातून आवाज लवकर व ठणठणीत येतो. भेगेपाशी रेंगाळतो, दबतो. पडद्यावरची रेघ एकशे बारा फुटांवर ढासळली. एकशे ऐंशीवर ती सरळ होती.

मारोती तेथेच अडला. “म्याडम, दाब द्यायच्या हुकुमात एकशे ऐंशी हाय. म्या त्याच्या वर बूच बसवणार न्हाई.” गेल्या वेळीही त्याने फुगणारे रबरी बूच एकशे ऐंशीवर बसवून त्याखाली दाब दिला होता. वरची भेग तशीच राहिली.

पारूबाई माझ्याकडे वळल्या. “अर्जवाले दादा, ते एकशे ऐंशी तुमीच लिव्हलाव ना? कुठून आणलाव?”

दाब देण्यासाठीचा वस्तीचा पहिला अर्ज मीच लिहिला होता. अशा छापील अर्जात खोलीचा रकाना असतो. रकाना रिकामा दिसला की अर्ज परत येतो, म्हणून मी शेजारच्या गावच्या अर्जातील आकडा उतरवला होता. तोच आकडा दाब देण्याच्या हुकुमात गेला. तीस वर्षांत माझ्या अर्जात कधी खाडाखोड झालेली नाही. तरीही जीपच्या बॉनेटवर कोरा कागद ठेवून मी लिहिले, की सदर आकडा न मोजता माझ्या पदरचा घातलेला आहे. बूच एकशे बाराच्या वर बसवावे, जबाबदारी माझी. मॅडमनी सही केली. मी शाईची डबी पारूबाईंपुढे सरकवली.

“अंगठा कशाला? सही येतीय मला,” त्या म्हणाल्या, आणि ठळक सही केली.

मारोतीने कागद दोनदा वाचून खिशात घातला. दाबाचा काटा चढला, थरथरला आणि एकदम खाली आला. “भेग फुटली,” तो म्हणाला. मोटार सोडली. वस्तीची सहा व मारोतीच्या टाकीतून दाबलेली चार, अशी दहा पिंपे परत येईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. अकरावे भरू लागले.

“नीळ्ळु,” एक म्हातारी पुटपुटली (तेलुगूत पाणी).

“आता हे आपलं,” पारूबाई म्हणाल्या. विसाव्या पिंपानंतर मोजणे थांबवले.

बुधवारी नांदेडला हुकूम काढणाऱ्या कार्यालयात, मारोतीकडून परत घेतलेला कागद धरून, सर्व कागद टेबलावर दिले. साहेब दौऱ्यावर असल्याने हुकूम कायम आहे, असे सांगण्यात आले. मी पोच घेऊनच उठलो. संध्याकाळी लोह्यात पहिले गिऱ्हाईक आले, त्याच्या अर्जात खोलीच्या रकान्यात मी लिहिले: मोजणे बाकी.

तरी विनंती, की उद्या बुजविणारी गाडी निघण्यापूर्वी हुकूम रद्द करून लेखी उत्तर द्यावे, आणि माझ्या चुकीचा कागद फाईलमधून काढू नये. उत्तर येईतो मी बोअरपाशी बसलेला आढळेन.