उन्हाळी वाट

सायकलच्या हँडलवर लावायचं जीपीएसचं मशीन माझ्या कपाटात अजून पडून आहे. त्याच्या सेलच्या जागेत गंज चढलाय आणि काच चिरली आहे. बायको दर दिवाळीला विचारते, टाकू का हे, आणि दर दिवाळीला मी नको म्हणतो. तिला वाटतं मला त्याचं प्रेम आहे. प्रेम कसलं? त्यात भिवंडी ते अकलोली हा एक मार्ग मी भरून ठेवलेला आहे, आणि ते फेकून दिलं की मी सुटलो असं मला वाटायला लागेल, याचीच भीती वाटते.

आमची दापोड्याची शेती गोदामांखाली गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर आम्ही भिवंडीतच टेमघरला बिल्डिंगमध्ये राहायला आलो. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलो आणि बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. त्यांना करायला काही उरलं नव्हतं. मला मात्र खुर्चीत बसून बसून पोट सुटलं, लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती, म्हणून मी गियरची सायकल घेतली. बाबांनी तिचे गियर मोजले आणि म्हणाले, "लोक सायकल सोडून मोटारसायकल घेतात. तू उलटा निघालास." मला राग आला होता, कारण मागे बायको हसली.

ठाण्याच्या सायकलवाल्यांचा एक ग्रुप होता, दर रविवारी कुठेतरी जाणारा. सगळे बँकेतले, कंपनीतले, नीट बोलणारे लोक. त्यांच्यात मी एकटा भिवंडीचा. भिवंडी म्हटलं की त्यांना खड्डे आणि पॉवरलूमची खटखट एवढंच आठवायचं, आणि ते तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे. मी त्यांच्याबरोबर हसायचो. मग माझ्या मेव्हण्याने अमेरिकेहून ते मशीन आणून दिलं आणि ग्रुपात माझा भाव वधारला. एकाने सुचवलं की ऑक्टोबरात अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊ, मार्ग तू आख, तुझाच मुलूख आहे. तुझा मुलूख, हे शब्द ऐकून मी किती फुगलो होतो ते आठवलं तरी नको वाटतं.

भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्याला ट्रकांची रांग असते, त्यामुळे आतून गावागावांतून जायचं मी ठरवलं. त्या काळी कॉम्प्युटरवर उपग्रहाचे फोटो नुकतेच दिसायला लागले होते. ऑफिसातून आलो की मी फोटो मोठा करून बसायचो. रस्ता दिसला की त्यावर एकेक ठिपका द्यायचा, ठिपके जोडून रेघ तयार व्हायची, मग ती फाइल दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये घालून मशीनला कळेल अशा रूपात बदलायची आणि वायर लावून आत पाठवायची. मशीनमध्ये एका मार्गाला ठरावीकच ठिपके मावायचे, त्यामुळे काही पुसावे लागायचे. मध्येच लोडशेडिंग झालं की मागच्या गल्लीतले लूम एकदम गप्प व्हायचे, आणि त्या शांततेत मी शिव्या घालत बसायचो. चार दिवसांनी मशीन एकदाचं टिर्र वाजलं आणि अकलोलीची रेघ आत गेली.

त्या रेघेत एक जागा मला फार आवडली होती. एका गावाच्या टोकाला रस्ता संपल्यासारखा वाटत होता, पण फोटोत पुढे शेतांमधून पांढुरकी वाट स्पष्ट दिसत होती, सरळ पलीकडच्या डांबरी रस्त्याला भिडणारी. चार किलोमीटरचा वळसा वाचत होता. आजूबाजूची शेतं तपकिरी दिसत होती. ती तपकिरी का आहेत, हे मी स्वतःला विचारलं नाही.

बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. कुठला रस्ता म्हणून त्यांनी विचारलं आणि पडद्यावर बोट ठेवलं, नेमकं त्याच गावावर. तिथे त्यांचा जुना दोस्त राहत होता, आमची शेती होती तेव्हा लावणीला यायचा तो. दर दिवाळीला नव्या भाताचे पोहे घेऊन आमच्या घरी यायचा, कारण आता आमच्याकडे नवं भात कुठून येणार? बाबा म्हणाले, त्याला फोन लावतो, तो वाट सांगेल. मी म्हटलं, कशाला, हा वरून काढलेला फोटो आहे, यात सगळं दिसतं.

"वरून काढला खरा," बाबा म्हणाले, "पन श्रावनात काढलेला न्हाय हा."

ते नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलले असं मला वाटलं. ते गेल्यावर पडद्यावर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला होता. तो मी शर्टाच्या बाहीने पुसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर मागे उभा राहून चहा पीत होता.

रविवारी आम्ही सातजण निघालो. गावागावांतून गेलो, मशीन वेळच्या वेळी टिर्र करत होतं, ठाणेकर खूश होते. त्या गावाच्या टोकाला आलो आणि रस्ता संपला. समोर भात उभं होतं. कमरेएवढं, लोंब्या भरून खाली झुकलेलं, आठ-पंधरा दिवसांत कापणीला आलेलं. मशीनवरचा बाण त्या भातातून सरळ पुढे दाखवत होता.

भात आणि गवत यांतला फरक मला कळला नाही, असं मी लिहू शकलो असतो. मला तो चांगला कळत होता. मी शेतकऱ्याच्या पोटचा आहे. पण मागे सहाजण थांबले होते आणि एकाने हसत विचारलं, "काय, मुलूखवाले, हरवलो का?" मी म्हटलं, नाही, पुढे रस्ता आहे, एवढं बांधावरून पार करू.

बांध एका पावलाएवढा. त्यावरून माणूस चालू शकतो, सायकल नाही. म्हणून आम्ही बांधावर आणि सायकली भातात. पेडलमध्ये लोंब्या अडकत होत्या, चाकं ओल्या मातीत रुतत होती, आणि आम्ही त्या ओढत होतो. अर्ध्यावर पाणी जायला बांध कापलेला होता, तिथून मग आम्ही सरळ भातातच उतरलो. मागे वळून पाहिलं तर आम्ही आलो तेवढा पट्टा चटईसारखा आडवा झाला होता.

पलीकडच्या बांधावर एक बाई गवत कापत होती. विळा हातात घेऊनच ती आली. ओरडली नाही. तिने वाकून आडव्या झालेल्या भाताची एक मूठ उचलून उभी केली, सोडली, आणि ती परत पडली. मग तिने आम्हा सातजणांकडे एकेक करून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबली.

"कोनाचा रं तू?"

आमच्याकडे हा प्रश्न नाव विचारायला नसतो. बापाचं नाव आणि गाव सांगायचं. मग समोरचा माणूस आधी शिव्या घालतो आणि नंतर चहाला नेतो. गुन्हा मिटवायची हीच रीत आहे, आणि ती मला लहानपणापासून माहीत होती. बाबांचं नाव माझ्या जिभेवर आलंही होतं. पण ते घेतलं तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर जाणार, आणि या सहाजणांसमोर माझी आणखी शोभा होणार. माझी पाचावर धारण बसली.

मी म्हणालो, "हम लोग ठाणा से आए हैं, माँजी. रास्ता भूल गए."

माझ्याबरोबरचे सगळे मराठीच होते. एकजण आपल्या बुटांवरचा चिखल बघत राहिला. ती बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत होती. मग तिने मोडक्या हिंदीत विचारलं, पानी पियेगा? बांधावर ठेवलेला पाण्याचा कॅन तिने आमच्या पुढे केला आणि डांबरी रस्त्याकडे हात करून दाखवला. मी ते पाणी प्यायलो. मलाच सगळ्यांत जास्त तहान लागली होती.

अकलोलीला कुंडात पाय सोडून बसलो असताना एकाने हळूच विचारलं, तू हिंदी का बोललास रे? मी म्हटलं, आमच्याकडे हिंदीच चालतं, लूमवाले सगळे यूपीचे. तो बरं म्हणाला. त्याला पटलं नव्हतं, आणि मला ते दिसत होतं.

दिवाळीत बाबांचा दोस्त पोहे घेऊन आला. दरवर्षी एकटा यायचा, या वेळी बायकोला घेऊन आला. मी दार उघडलं आणि समोर तीच बाई. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. बाहेर बाबा भाताबद्दल विचारत होते. भात बरं झालं, दोस्त सांगत होता, पण चिंचेखालच्या शेतात एक पट्टा आडवा झाला, तीन-चार हात रुंद, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मी त्या दिवशी नव्हतो घरी, तो म्हणाला, आणि ती मध्येच बोलली.

"वाऱ्यानं पडला तो. दुसरा काय?"

मी पाणी घेऊन बाहेर गेलो. तिने माझ्या हातून पेला घेतला आणि माझ्या बायकोला पोहे कसे भाजायचे ते सांगत बसली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं, ते मला त्या वेळी कळलं.

ती दोघं गेल्यावर बाबा कॉम्प्युटरपाशी येऊन बसले. तुझा अकलोलीचा रस्ता दाखव म्हणाले. मी दाखवला. त्यांनी पुन्हा त्याच गावावर बोट ठेवलं, चिंचेचं झाड शोधलं, आणि रेघेवरून बोट हळूहळू पलीकडच्या रस्त्यापर्यंत नेलं.

"ही उन्हाळी वाट हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत होतं, आणि तरी ते ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भात कापून झालं की बांध फोडतात. पेंढा, शेणखत न्यायला बैलगाड्या, टेम्पो शेतांतून ये-जा करतात आणि वाट पडते. मिरगाच्या पावसाआधी बांध परत घालतात, नांगर फिरतो, वाट गेली. आमच्या दापोड्याच्या शेतातही अशीच वाट पडायची. मी पेंढ्याच्या गाडीवर बसून त्याच वाटेने घरी यायचो. माझ्या फोटोतली शेतं तपकिरी होती, कारण फोटो उन्हाळ्यातला होता.

"म्हंजे वारा सायकलवर बसून आलता," बाबा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. मशीन, बाण, बांध, पाण्याचा कॅन. हिंदीचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला माझं नाव तरी सांगितलंस ना?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. बाबा उठून गॅलरीत गेले. त्या दिवशी ते जेवायला आत आले नाहीत, ताट बाहेरच मागवलं.

पुढच्या रविवारी मी एकटाच सायकलवर निघालो. मशीन घरी ठेवलं, ट्रकांच्या रस्त्याने गेलो. शेतातली कापणी उरकली होती. चिंचेखाली बाबांचा दोस्त फावड्याने बांध फोडत होता आणि ती बाई, म्हणजे काकी, पेंढ्याचे भारे बांधत होत्या. मला पाहून त्या उठल्या. मी म्हटलं, काकी, त्या दिवशी तो मी होतो. बापाचं नाव सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ठावं हाय. तुझे हळदीला आलते मी. तवाच वळखला तुला."

मी विचारलं, मग कोणाचा म्हणून का विचारलंत?

"तू सांगशील म्हनून." त्या परत भारा बांधू लागल्या. "भाताचा काय न्हाय रं. भात पडतं, परत व्हतं. पन तू हिंदी बोल्लास, तवा मना वाटला, याला आता आपली लाज वाटतं."

तसं नाही, असं मला म्हणायचं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली होती, तुमची नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण तेवढ्यात बाबांच्या बोटाचा तो ठसा आठवला, जो मी बाहीने पुसला होता, आणि ते वाक्य खोटं आहे हे कळलं, म्हणून मी ते उच्चारलं नाही. काकींनी वाट पाहिली. मग त्या उठून शेतालगतच्या घरात गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला.

चहा पिऊन मी निघालो तेव्हा काकांनी फोडलेल्या बांधाकडे फावड्याने खूण केली. या वाटेने जा आता, ते म्हणाले, झाली वाट, सरळ डांबरीला लागशील. ती तीच वाट होती, जी माझ्या मशीनमध्ये होती. मी सायकल हातात धरली आणि शेवटपर्यंत चालत गेलो.